चांदणीनं वळवलेली शीव

गिरिजा सात महिन्यांची झाली तेव्हा तिला कडेवर घेऊन मी एकटीच बलभीम आबांकडं गेले. योगीराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "राहू दे की, आपलं काय अडलंय?" तो प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतो, आणि बहुतेक वेळा अडलेलं असतं.

आबा ओट्यावर बसून खोगिराचा पट्टा शिवत होते.

"आबा, ह्या वर्षी शीवफेरीला माझ्या पोरीची टाच टेकवू द्या."

त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमचं घर कुठंय?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"मला माहीत हाय. तू सांग."

"पाचव्या दगडाच्या पलीकडं."

"मग," आबा म्हणाले, आणि सुई पुन्हा चामड्यात घातली.

माझं माहेर जळकोटचं. तिकडं ही रीत नाही, त्यामुळं लग्न होऊन बेलगव्हाणला येईपर्यंत मला तिची काहीच कल्पना नव्हती. येरमाळ्याच्या येडाईची यात्रा आटपली की पुढच्या मंगळवारी हे गाव आपली शीव घोड्यावरून फिरतं. ज्वारी निघालेली असते, रानं मोकळी असतात, घोडं बांधाबांधानं जाऊ शकतं. मारुतीपासून निघायचं, शिवेवरच्या नऊ दगडांना चुना लावायचा, नारळ फोडायचा आणि वेशीतून परत आत यायचं. घोड्यावर एकच माणूस. गेली छत्तीस वर्षं बलभीम आबा. बाकी गाव मागून पायी. फेरी पुरी होईपर्यंत घोड्याचं तोंड मागं वळवायचं नाही. आबांच्या आजाच्या काळात कुणीतरी वळवलं होतं आणि त्या साली गावात पटकी आली, असं सांगतात. आणि घोडं जिथून गेलं तेवढं गाव, असं मानतात.

सहाव्या दगडापाशी मोठी चिंच आहे. वर्षभरात जन्मलेली लेकरं घेऊन आया तिच्याखाली थांबतात. आबा एकेकाला खोगिरावर पुढ्यात घेतात, पाच पावलं फिरवतात, मग आई लेकराची टाच चुन्यानं ओल्या दगडाला टेकवते. झालं, लेकरू गावचं झालं.

योगीराजचे आजोबा विहिरीच्या कामावर इकडं आले आणि राहिले. पाचव्या दगडापासून दीडशे पावलं पलीकडं, गायरानाच्या कडेला, त्यांनी दोन खोल्या बांधल्या. आमच्या जातीची माणसं गावातही आहेत, सोयरिकी होतात, मतदान बेलगव्हाणला, रेशन बेलगव्हाणला. फक्त घर दगडापलीकडं, म्हणून ह्या घरातल्या एकाही लेकराची टाच कधी टेकली नाही. तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण जत्रेच्या पंगतीत योगीराज आपणहून शेवटच्या ओळीत, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसतो, आणि त्याला उठवून पुढं नेणारं कुणी नसतं. शाळेत पोरं त्याला 'भाईरला' म्हणायची. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं. माझी पोरगी त्या ओळीत बसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

आबांनी दोरा दातानं तोडला. "हे बघ महेश्वरी, पोरगी गोड हाय. पर आज तुला व्हय म्हणलं की उद्या दुसरं कुणी येतंय, परवा तिसरं. मग दगड कशाला ठेवायचे? रीत म्या घातली न्हाय, मोडायचीबी म्या न्हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी गिरिजाच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा दिला, आणि घरी येईपर्यंत ती तो चोखत होती. मी रस्त्यात रडले नाही. घरी आल्यावर भाकरी थापताना थोडी रडले. सासूबाईंनी बघितलं. द्वारकाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "आबाला विचारायला गेलतीस व्हय? चाळीस वर्सांमागं थोरल्या लेकीच्या येळी म्याबी गेलते. तवा त्याचा बाप व्हता. त्यानं तर खोबरंबी दिलं न्हवतं."

शीवफेरीच्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं एवढंच होतं की घोडं नवं होतं. आबांचा तांबडा घोडा थंडीत गेला. जवळपास कुणाकडं चालणारं घोडं नाही, म्हणून येरमाळ्याच्या महेबूबभाईंची चांदणी आणली होती. पांढरी, देखणी, पण वरातीची. अकरा वर्षं नवरदेव वाहण्यात गेलेली. त्याच दिवशी संध्याकाळी येरमाळ्यात तिची एक वरात होती, तेव्हा चारच्या आत मोकळी करायची, या बोलीवर महेबूबभाई आले होते.

सकाळी मारुतीपुढं काय झालं ते योगीराजनं नंतर सांगितलं. हलगी वाजली आणि चांदणी नाचायला लागली. पुढचे दोन्ही पाय उचलून, मान हलवून, जागच्या जागी. आबा वर डुलतायत, गाव हसतंय, आणि घोडी तसूभर पुढं जात नाही. हलगी थांबली की घोडी थांबायची, मग उभीच राहायची. शेवटी हलगीवाल्याला हलगी काखेत मारून सगळ्यांच्या मागं चालायला लावलं.

"छत्तीस वर्सांत मुकी फेरी पहिल्यांदाच," कुणीतरी म्हणालं.

"फेरी म्हणा की वरात म्हणा," दुसरा म्हणाला, "नवरदेव तेवढा जुना हाय."

आमच्या घरी त्या दिवशी एकच काम असतं. पाचव्या दगडाला नारळ फुटला की दारात उभं राहायचं आणि लांबूनच फेरीला ओवाळायचं. आत्या आयुष्यभर ओवाळत आल्या. ह्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून ताट माझ्याकडं आलं. निरांजन, कुंकू, सुपारी, तांदूळ. गिरिजाला त्यांच्या मांडीवर देऊन मी नवी हिरवी साडी नेसले. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या, त्या जरा बाजूला सरकवल्या आणि उंबऱ्यात उभी राहिले.

पाचव्या दगडाकडून नारळाचा आवाज आला. बांधावरून पांढरी घोडी निघाली, मागं गाव. सगळ्यांत शेवटी योगीराज, त्याच्या पुढं हलगीवाला. मी ताट उचललं, निरांजन हलू नये म्हणून आडवा हात धरला.

चांदणीनं मान वळवली. थांबली. आणि बांध सोडून सरळ माझ्याकडं चालायला लागली.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, आबांनाच काही सांगायचं असेल. मग दिसलं, आबा लगाम एका बाजूला ओढतायत, पण मागं ओढत नाहीयेत, आणि घोडी ऐकत नाहीये. तिची चाल बदलली होती. आता ती पाऊल मोजून टाकत होती, मान उंच धरून, जशी मांडवात शिरताना असते. दगडापासून दीडशे पावलं ती तशीच आली. आमच्या अंगणात शिरली. कोंबड्या उडाल्या. बरोबर माझ्यासमोर येऊन तिनं डोकं खाली केलं आणि उभी राहिली.

महेबूबभाई धापा टाकत पोचले. "आबा, तिची चूक न्हाई हो. दारात बाई ताट घेऊन उभी दिसली, का ती नवरदेवाला तिथंच नेती. तिला तेच शिकवलंय."

मागून हसण्याचा लोट आला. "आबा, आलाव तर उतरा, पाय धुवून घ्या."

"आहेर काय आणलाव ते आधी विचारा गं."

आबांचं तोंड लाल झालं होतं. तेवढ्यात कुणीतरी समंजसपणे म्हणालं, "आबा, वळवा तिला. बांध हा काय, हितंच हाय. कोण बघतंय?"

"म्या बघायलाव की," आबा म्हणाले.

त्यांनी लगाम सैल सोडला. मी ताट धरून तशीच उभी होते. आतून आत्यांचा आवाज आला, "अगं, दारात माणूस आलंय, ओवाळ की."

मी ओवाळलं. आबा खोगिरावरून वाकले, तेव्हा मी टाचा उंचावून त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. तेरा दिवसांपूर्वी ह्याच माणसानं मला नाही म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घराकडं बघत होते. भिंत, पत्रा, मागची न्हाणी, पलीकडचं बोरीचं झाड, त्याच्या पलीकडं गायरान.

"महेबूब," ते म्हणाले, "ह्या घराला वळसा घालून पुढं काढता यील का?"

"पुढं म्हणाल तिथं जाईल."

"मग चल. मागं फिरवत न्हाईत."

चांदणी निघाली. जाता जाता तिनं खाटेवरच्या दोन कुरडया उचलल्या. आमच्या भिंतीला धरून, न्हाणीमागून, बोरीच्या पलीकडून ती गेली, आणि तिच्या मागून सगळं बेलगव्हाण आमच्या अंगणातून गेलं. लग्न होऊन आल्यापासून एवढी माणसं मी आमच्या दारात बघितली नव्हती. काही बायका आत डोकावल्या, गिरिजाच्या गालाला बोट लावून गेल्या. आत्या प्रत्येकीला चहाचा आग्रह करत होत्या.

"आत्या, आपल्याकडं कप सहा आहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच तर म्हणायलेय. कोण थांबतंय?" त्यांनी गिरिजाला माझ्या कडेवर दिलं. "जा तू मागून."

"बोलावलंय कुठं?"

"घोडंबी बोलावलं न्हवतं, आलं की. जा."

मी गेले. पण चिंचेपासून तीस-चाळीस पावलं अलीकडं, एका बाभळीच्या सावलीत थांबले. योगीराज माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं गिरिजाच्या डोक्यावर स्वतःचा रुमाल टाकला.

सहावा दगड दोन गावांचा. तिथं पलीकडच्या खडकवाडीचे वीरप्पा दरवर्षी पाण्याची घागर घेऊन येतात आणि घोड्याला पाणी पाजतात. शेजारच्या गावानं पाणी पाजलं म्हणजे घोडं जिथून आलं ती शीव त्यांना मान्य. नाही पाजलं, असं कधी झालेलं नाही. त्या दिवशी मात्र वीरप्पांनी घागर खांद्यावरून उतरवली नाही.

"बलभीमराव, आज तुम्ही लई वाकड्यातनं आलाव."

"घोडी आली. म्या वर व्हतो."

चिंचेखाली चार आया लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढं गावातली जाणती माणसं वाद घालायला लागली. एकाचं म्हणणं, जनावर चुकलं म्हणून शीव चुकत नाही, फेरी बांधावरूनच झाली असं धरायचं. दुसरा म्हणाला, मग पुढच्या वर्षी कुणीही कुठूनही आणील आणि म्हणेल जनावर चुकलं. तिसऱ्याला भलतीच काळजी. "तलाठ्याच्या नकाशाचं काय?"

"नकाशाला कुणी हात लावलाय?" आबा म्हणाले. "नकाशा हापिसात हाय. ही आपली फेरी हाय."

"मग तुमचं काय म्हणणं, आबा?"

माझे कान इतके ताणले होते की गिरिजानं माझं मंगळसूत्र तोंडात घातलेलं मला कळलं नाही.

"माझ्या आजानं सांगितलं," आबा म्हणाले, "घोडं जिथनं गेलं तेवढं गाव. त्यानं असं न्हाय सांगितलं, का बलभीमच्या मनात व्हतं तिथनं गेलं तर. तेरा दिवसांमागं ती पोरगी माझ्या ओट्यावर आलती. म्या म्हणलं, रीत मोडणार न्हाय. आता रीत तिच्या बाजूनं झाली म्हणून म्या मोडू व्हय?"

मग आबा खोगिरावरच वळून वीरप्पांना म्हणाले, "आता तुमच्या हातात हाय. गायरान तुमच्या अंगाचं हाय."

वीरप्पांनी आमच्या घराकडं बघितलं. तिथून पत्रा चमकताना दिसतो. "ते घर आमचं कधी व्हतं? गावातल्या एका लग्नाची पत्रिका दिली न्हाई आम्ही त्यांना. आमाला वाटायचं तुमी देत असाल."

"आमाला वाटायचं तुमी."

वीरप्पा जरा हसले, खजील झाल्यासारखे. त्यांनी घागर उतरवली, घमेल्यात पाणी ओतलं आणि चांदणीपुढं सरकवलं. तिनं तोंड घातलं. ती पाणी पिताना तिच्या गळ्यातून जो आवाज येत होता तो मला बाभळीखाली ऐकू आला, कारण बाकी सगळे गप्प होते. ती सावकाश प्याली. सगळं प्याली.

"योगीराज," आबांनी हाक मारली, "पोरगी आण."

योगीराज हलला नाही. त्याला उभ्या आयुष्यात कुणी गर्दीतून असं पुढं बोलावलं नव्हतं. मी त्याचा दंड धरला. "अहो, चला." आम्ही चिंचेखाली गेलो. बसलेल्या आया सरकल्या आणि माझ्यासाठी चवड्यावर बसण्याइतकी जागा झाली. चौघींची लेकरं झाली, मग गिरिजाची पाळी आली.

आबांनी तिला खोगिरावर पुढ्यात घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं चांदणीची आयाळ दोन्ही मुठींनी धरली आणि तोंडात घालायला वाकली. महेबूबभाई लगाम धरून पाच पावलं चालले. पाचव्या पावलाला आबांनी तिला अलगद खाली घेऊन माझ्या हातात दिलं. चैत्राचं ऊन, दगड तापलेला. वीरप्पांनी न सांगता घागरीतलं उरलेलं पाणी दगडावर ओतलं, चुन्याचा ओघळ खाली आला. मी तिची टाच टेकवली. एवढीशी टाच, माझ्या अंगठ्याएवढी. वर बघितलं तर योगीराज तोंड फिरवून हलगीवाल्याशी काहीतरी बोलत होता, आणि हलगीवाला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"ह्याची पण राह्यलीय की," आबा म्हणाले.

"आबा, माझं काय आता," योगीराज म्हणाला. "एकोणतीस वर्सांचा घोडा झालोय."

"घोड्यावर घेत न्हाय तुला. चांदणीची कंबर मोडंल. चप्पल काढ."

लोक हसले, आणि त्या हसण्यात योगीराजनं चप्पल काढली. उजव्या पायाची टाच दगडावर ठेवली आणि पटकन उचलली, चटका बसल्यासारखी.

"नीट ठेव," आबा म्हणाले. त्यानं पुन्हा ठेवली. ह्या वेळी जरा वेळ.

पुढचे तीन दगड मी गिरिजाला घेऊन फेरीत चालले. पाय दुखले, ऊन लागलं, मधेच तिला पाजायला एका बांधावर बसावं लागलं, तेव्हा दोन बायका आडोसा करून थांबल्या. वेशीतून आत शिरताना महेबूबभाई घड्याळ बघत होते. साडेतीन झाले होते. टेम्पो आधीच येऊन उभा होता. मी घाईघाईनं मारुतीपुढचा गूळ उचलला आणि चांदणीला चारला. तिनं माझा तळहात चाटून पुसून स्वच्छ केला. आभार कसे मानायचे ते मला आलं नाही, तर महेबूबभाईंना म्हणाले, "भाऊ, आज तिला नाचायला लावू नका जास्त, दमलीय."

"भाभी, हलगी वाजली का माझंबी ऐकत न्हाई ती," ते म्हणाले, आणि टेम्पोची फळी लावली.

पाच दिवसांनी सकाळी मी धुणं वाळत घालत होते, तर बैलगाडी दारात आली. गाडीत आबा आणि एक उभा काळा दगड. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे वळण पडलं होतं, तेव्हा तिथं दगड हवा, असं गावानं ठरवलं होतं. योगीराज कुदळ घेऊन आला. आत्यांनी आतून, सहापैकी चांगल्या कपात, आबांना चहा पाठवला. आबांनी तो बोरीखाली बसून प्यायला. आमच्याकडं ते पहिल्यांदाच बसले होते.

योगीराजनं न्हाणीच्या मागं खूण केली. घोडी तिथूनच गेली होती, मातीत टापा अजून होत्या. त्यानं कुदळ उचलली.

"थांब," आबा म्हणाले. कप खाली ठेवून ते माझ्याकडं वळले. "तुला इचारतो. पोरगी मोठी व्हईल, अजून एखादं लेकरू व्हईल. पुढं मागं खोली काढायची झाली तर कुठनं काढशीला?"

असं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"न्हाणीच्या मागून," मी म्हटलं. "पण आबा, टापा तर इथं आहेत."

"टापा दिसतायत मला. अंदाजानं सांग."

मी गिरिजाला कडेवर घेतलं आणि न्हाणीच्या भिंतीपासून चालत गेले. एक खोली, तिच्यापुढं थोडी पडवी. नऊ पावलांवर थांबले. मग वाटलं, फार झालं, आणि एक पाऊल मागं आले.

आबा उठले, माझ्याजवळ आले, मी उभी होते तिथून पुढं अजून चार पावलं टाकली आणि काठीनं मातीत रेघ ओढली.

"योगीराज," ते म्हणाले, "हितं खण."